मुलाचा ‘ताबा’ आणि दाराबाहेर बसलेल्या आपण



आम्हा नवी मुंबईकरांना ‘ताबा’ हा शब्द फार ओळखीचा. सिडकोची सोडत लागली की वाटपपत्र, मग हप्ते, मग एकदाचा ताबा. ताबा म्हणजे किल्ली आपल्या हातात आणि दारावर आपल्या नावाची पाटी. आमच्या करावे, दारावे, नेरूळ भागातल्या कितीतरी कपाटांत ते कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले असतील. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा ‘मुलाचा ताबा कुणाला?’ असं आपण अगदी त्याच सुरात विचारतो. कोर्टाच्या मराठीतही हाच शब्द आहे. त्यामुळे ताबा मिळाला तो जिंकला, दुसरा हरला, आणि मूल म्हणजे जिंकलेली दोन खोल्यांची जागा, असं आपल्या डोक्यात बसून गेलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते, कारण वाचता वाचता काही जणी माझ्यावर रागावणार आहेत. फॅमिली कोर्टात अशा भांडणांत मध्यस्थ म्हणून जी माणसं बसतात, त्यांचं काम फार मोलाचं आहे. आणि ते बिघडवण्यात त्या नवरा-बायकोइतकाच आपला, म्हणजे आई, सासू, मावशी, आत्या, काकू यांचा हात असतो.

‘मध्यस्थ’ म्हटलं की आपल्याला स्थळ आणणारे काका आठवतात. बायोडाटा देणारे, बैठकीत दोन्हीकडून पान खाणारे, लग्नात पहिल्या रांगेत मानाचा टॉवेल-टोपी घेणारे. संसार मोडायला आला की याच काकांना पुन्हा बोलावणं जातं. सांगलीकडे माहेरी मी अशा बैठका लहानपणी माजघरातून ऐकल्या आहेत, इथे मुंबईत दिवाणखान्यात बसून पाहिल्या आहेत. दोन्हीकडची चार-चार माणसं येतात. लग्नाचा खर्च, दागिने, कपाट, फ्रिज, सगळं वहीत उतरतं. चहा दोनदा होतो. आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, ‘बरं, पोराचं काय ठरलं?’ यादीतली शेवटची वस्तू. बैठकीतल्या प्रत्येकाला एक बाजू असते, आणि काकांना तर स्वतःची अब्रू सांभाळायची असते, कारण स्थळ त्यांनीच आणलेलं.

कोर्टातला मध्यस्थ निराळा. माझी एक कॉलेजमैत्रीण हे काम करते. बी.कॉम.ला आम्ही एका बाकावर बसायचो. मी पदवीचा कागद ट्रंकेत ठेवून संसाराला लागले, ती पुढे वकील झाली आणि पन्नाशीनंतर तिने मध्यस्थाचं प्रशिक्षण घेतलं. चाळीस तासांचं असतं ते. इतक्या वर्षांत तिने मला एकाही पक्षकाराचं नाव सांगितलेलं नाही. ‘आज कोण आलं होतं गं?’ असं विचारलं तर म्हणते, ‘दोन माणसं आली होती, दोघं थकलेली.’ झालं, विषय संपला. आपल्यापैकी किती जणींना हे जमेल, मला शंका आहे. भिशीच्या दिवशी तर नाहीच.

नावं सांगत नसली तरी पद्धत तिने मला खूपदा समजावून सांगितली आहे. न्यायाधीश प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतात. एक साधं टेबल, दोन पक्ष, आणि मध्यस्थ. पहिल्यांदा ती सांगते, मी निकाल देणार नाही, कुणाचं बरोबर हे ठरवणार नाही, आणि इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. मग दोघांना एकत्र ऐकते. मग एकेकाला वेगळं बसवून ऐकते. या वेगळ्या बैठकीत सांगितलेली गोष्ट, सांगणाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालता येत नाही. जमलं तर लेखी समझोता होतो, त्याला मुंबईच्या कोर्टात सगळे ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात. नाही जमलं तर न्यायाधीशांकडे एवढंच कळवायचं की जमलं नाही. का नाही, कुणामुळे नाही, एक अक्षर नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, आईबापांनी सही केली म्हणून कोर्ट डोळे मिटून शिक्का मारत नाही. मुलाच्या हिताचं नसेल तर न्यायाधीश तो समझोता बाजूला ठेवू शकतात. आणि आज मान्य झालेली व्यवस्था कायमची नसते. मूल वाढतं, परिस्थिती बदलते, तशी ती बदलून मागता येते. दुसरी, मध्यस्थ वेगळा आणि कोर्टाचा समुपदेशक वेगळा. समुपदेशक मुलाशी बोलतो, त्याचं वागणं पाहतो, आणि त्याचा अहवाल कोर्ट वाचू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केलं. मोठ्यांच्या वाटाघाटी झाकलेल्या राहाव्यात, पण मुलाची अवस्था न्यायाधीशांपासून झाकू नये, असा त्याचा अर्थ मी लावते. मला तो पटतो.

ही कुटुंब न्यायालयं आली कुठून, तेही थोडं सांगते. दुर्गाबाई देशमुख १९५३ साली चीनला गेल्या होत्या. तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून परतल्यावर आपल्याकडेही अशी हवीत म्हणून त्यांनी पंडित नेहरूंशी आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या छागला व गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी चर्चा केली. त्याच वर्षी त्यांचा चिंतामणराव देशमुखांशी विवाह झालेला. चिंतामणराव म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्हा कॉमर्सवाल्यांचं दैवत. कायदा यायला मात्र १९८४ उजाडलं, आणि पुण्यात व मुंबईत ही कोर्टं १९८९ मध्ये सुरू झाली. या कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलंय की आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे. वकील लावणं हा तिथे पक्षकाराचा हक्क धरलेला नाही, कोर्टाच्या परवानगीचा विषय आहे. माणसांनी स्वतः बोलावं, ही त्यामागची कल्पना.

‘आपल्या जैनांना कोणता कायदा?’ असं मला हमखास विचारलं जातं. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६. त्यात हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं असं तो म्हणतो, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित ठेवतो. त्याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असं लिहिलेलं आहे. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर बँकेने वडिलांची सही मागितली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली निकाल लागला की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यानंतर असं नव्हे. बाप लक्ष घालत नसेल, तर तो हयात असतानाही आईच पालक. बँकेचा फॉर्म भरताना ‘पालकाचं नाव’ या रकान्याशी माझा हात अजून क्षणभर थांबतो.

आता त्या दाराबाहेरच्या गोष्टीकडे येते. आमच्या नात्यातली एक मुलगी, तिची केस वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात होती. मूल चेंबूरला राहायचं म्हणून वांद्रे. सोबत कुणी नव्हतं म्हणून एका तारखेला मी गेले. सीवूड्सहून हार्बरने कुर्ला, तिथून शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुल. (ओळख पटू नये म्हणून इथले बारीकसारीक तपशील मी बदललेत.) आई-बाप आत मध्यस्थीला गेले. बापाची भेट त्याच दिवशी ठरलेली, म्हणून मुलालाही आणलं होतं. पाच-सहा वर्षांचा असेल. बाहेरच्या बाकावर एका टोकाला त्याची आजी, दुसऱ्या टोकाला दुसरी आजी, मधे ते पोर पाय हलवत बसलेलं. बापाच्या आईने पिशवीतून डबा काढला, बेसनाचे लाडू. पोराचा हात पुढे झाला. आणि आईची आई हळूच, पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, ‘तिच्या हातचं खायचं नाही.’

पोराने हात मागे घेतला. दोन्ही आज्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणालं, ‘मला भूकच नाहीये.’

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. पण आतली बाई तासभर दोन माणसांना समजावत होती की मुलाला दोन्ही घरांशी मोकळेपणाने जगता यावं. आणि दाराबाहेर, दहा पावलांवर, एका वाक्यात आम्ही त्याला नेमकं उलटं शिकवलं. पुढच्या तारखेला घरच्या मोठ्या माणसांनी येऊ नये, असा निरोप आला. दोन्ही घरांत त्याचा मोठा अपमान वाटला. मला वाटतं, तो निरोप आधीच यायला हवा होता.

मैत्रीण एकदा म्हणाली की मुलांच्या तोंडची मोठ्यांची भाषा लगेच ओळखू येते. सहा वर्षांची पोर ‘बाबा मला मारतात’ किंवा ‘बाबा येतच नाहीत’ असं म्हणेल. ‘बाबा बेजबाबदार आहेत’ असं म्हणणार नाही. तो शब्द कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेला असतो, फोनवरच्या बोलण्यातून. मूल तिथेच भातुकली मांडून बसलेलं असतं आणि आपण समजतो की त्याला कुठे काय कळतंय.

आणि तो एक प्रश्न. ‘तुला आई हवी की बाबा?’ हौसेने, लाडात, पाहुण्यांसमोर विचारला जाणारा. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात असं आहे की मूल पुरेसं समजतं झालं असेल तर त्याची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं. हे न्यायाधीशांचं काम, आणि तेही जपून करायचं. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या आत्याचं नाही.

आता थोडं हिशोबाचं बोलते, तो माझा प्रांत. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे असं नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज छान जुळते. मुलांच्या वाटणीत हेच होतं. सोम ते शुक्र इकडे, शनि-रवि तिकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, गणपती एकाकडे तर दिवाळी दुसऱ्याकडे. कागदावर दोन्ही बाजू समान. पण मुलाची शनिवारची चित्रकलेची शिकवणी बुडते, मित्राचा वाढदिवस नेहमी ‘त्या’ घराच्या दिवशी येतो, आणि गृहपाठाची वही हमखास दुसऱ्या घरी राहते. चांगला मध्यस्थ म्हणे शाळेचं वेळापत्रक टेबलावर ठेवायला लावतो आणि मग विचारतो, मंगळवारी पोहण्याचा डबा कोण भरणार? ताप आला तर फोन आधी कुणी कुणाला करायचा? पासपोर्ट कुणाकडे? शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघं एकाच रांगेत बसू शकाल का? हे प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतात. तलवारी उपसून आलेली माणसं त्यांच्यापाशी येऊन नरमतात, कारण उत्तर देताना मुलाकडे बघावंच लागतं. फोनवरच्या व्हिडिओ कॉलचंसुद्धा लिहून ठेवतात. लांब राहणाऱ्या पालकाला तशी रोजची भेट मिळावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये म्हटलेलं आहे.

खाण्याचा प्रश्न आपल्या घरांत सगळ्यात टोकाला जातो. आपल्या मुली आता बाहेरही लग्न करतात. संसार टिकला नाही की मूल शनिवार-रविवार बापाकडे जातं, तिथे बटाट्याची भाजी खातं, कांद्याचं थालीपीठ खातं, कधी ऑम्लेट. रविवारी संध्याकाळी दारातच उलटतपासणी सुरू होते. काय खाल्लंस? रात्री जेवलास का? खरं सांग. मूल पहिल्या दोन वेळा खरं सांगतं. घरात रडारड झालेली पाहतं आणि तिसऱ्या वेळेपासून खोटं बोलायला शिकतं. कंदमुळं राहिली बाजूला, आपण त्याला असत्य शिकवलं, आणि अणुव्रतांमध्ये ते कुठे बसतं तुम्हीच सांगा.

तुमच्यासाठी मुलाचं खाणं महत्त्वाचं असेल, तर ते मध्यस्थासमोर मांडावं आणि समझोत्यात लिहून घ्यावं. त्यात लाजायचं काही नाही. समोरचा माणूस पुष्कळदा अंड्यापुरतं मान्य करतो, बटाट्यावर अडतो, आणि तिथे तुम्हालाही काहीतरी सोडावं लागतं. पण एकदा लिहिलं की दारातली चौकशी बंद. आपल्या परंपरेतसुद्धा आठ वर्षांपर्यंत मूल व्रत घेण्याजोगं झालं असं मानत नाहीत. जे व्रत त्याने घेतलेलंच नाही, ते मोडल्याचा दोष त्याच्या माथी मारायचा अधिकार आजीला कुणी दिला?

अनेकांताचं नाव इथे घ्यावं की नाही, मी जरा विचार केला. कारण आपण तो शब्द ‘सगळेच बरोबर’ अशा अर्थाने फार स्वस्तात वापरतो. मध्यस्थ दोघांना बरोबर म्हणत नाही. तू उभा आहेस तिथून तुला एवढंच दिसतंय, आता तिकडून काय दिसतं ते ऐक, असं म्हणतो. स्वाध्यायात ‘स्यात्’ आपण तोंडपाठ करतो आणि सुनेच्या विषयाला आलो की तो ‘स्यात्’ गळून पडतो.

पण मध्यस्थी म्हणजे बाईने पुन्हा एकदा समजून घ्यायचं, असं कुणी सांगत असेल तर तेही मला मान्य नाही. या कायद्याचा सगळा सूर लग्न वाचवण्याकडे झुकलेला आहे, ही टीका स्त्री-संघटनांनी केली आहे आणि ती पोकळ नाही. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे एका टेबलावर बसून मोकळं बोलता येत नाही. अशा वेळी वेगळ्या बैठकीत मध्यस्थाला स्पष्ट सांगायचं. मध्यस्थी कुणावर लादता येत नाही, उठून जायचा हक्क असतो, आणि सही करण्याआधी कागद घरी नेऊन वकिलाला दाखवायची वेळ मागता येते. मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर तो तडजोडीचा विषयच नाही. तिथे पोक्सो कायदा आहे आणि पोलीस आहेत. ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणणारी मावशी त्या दिवशी घरात नसली तर बरं.

मला असंही वाटतं की या कामात आपल्या वयाच्या बायका अधिक दिसायला हव्यात. कोर्टाच्या यादीत बहुतेक वकील आणि निवृत्त न्यायाधीश असतात, तेही बरोबरच आहे, कायदा कळावा लागतो. पण २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण लिहिलेलं आहे. वस्तीतल्या, कुटुंबांमधल्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांचं मंडळ, आणि त्यात स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावं असंही त्यात आहे. मुलाच्या ताब्याचा निर्णय शेवटी कोर्टातच व्हायचा. तरी त्या आधीचे निम्मे भडके आपल्या सोसायटीत, आपल्या मंदिराच्या ओट्यावरच विझू शकतात, जर तिथे बाजू न घेणारी, आणि ऐकलेलं पोटात ठेवणारी दोन-तीन माणसं असतील. घर चालवलेल्या बाईला वाटाघाटी शिकवाव्या लागत नाहीत. पोटात ठेवणं मात्र शिकावं लागेल, चाळीस तास पुरतील की नाही कोण जाणे.

तोवर, तुमच्या नात्यातल्या कुणाला मध्यस्थीची तारीख लागली असेल तर तिला सांगा, सोबत शाळेचं वर्षभराचं वेळापत्रक ने, सुट्ट्यांच्या आणि दशलक्षण पर्वाच्या तारखा लिहून ने, मुलाच्या डॉक्टरांची फाईल ने. पाण्याची बाटली ने, फार वेळ लागतो. मुलाला आणायला सांगितलं नसेल तर नेऊ नकोस. ते त्या दिवशी तुमच्याकडे राहिलं, तर त्याच्यासमोर फोनवर निकालाची वाट बघत बसू नका. त्याला खाली बागेत न्या. आमच्याकडचं असेल तर चाणक्यच्या बाजूला खाडीवर न्या, थंडीचे दिवस असले तर रोहित पक्षी असतात.